लॅबचा कागद की रंगीत आलेख?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले काका किडनीच्या डॉक्टरांकडे जातात तेव्हा हातात लॅबचा कागद असतो. ‘क्रिएटिनिन १.५’ (क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) वाचून घरचे म्हणतात, “थोडंच तर वाढलंय!” कागद इथेच फसवतो. साठीच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १ वरून १.५ झालं, की ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, साधारण ८६ वरून ५३ वर येते. वाढ अर्ध्या पॉइंटची दिसते, घसरण मात्र एक तृतीयांशाहून जास्त.

तीच मागच्या दोन-तीन वर्षांची ईजीएफआरची रेषा डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवली, तर उतार डोळ्यांना दिसतो. शेजारी ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) मिळून धोका किती ते दाखवणारा हिरवा-पिवळा-केशरी-लाल तक्ता असला, तर त्या अल्ब्युमिनची तपासणी कशासाठी, तेही कळतं. मग काकू स्वतःच विचारतात, “लोणचं-पापड बंद केलं तर घसरण थांबेल का हो?” नुसता कागद पाहून हा प्रश्न सहसा निघत नाही.

मी आलेखाच्याच बाजूची. फक्त लाल चौकोन दाखवून पेशंटला घाबरवू नये. जुलाब-उलट्यांच्या दिवसांतला एखादा रिपोर्ट रेषा एकदम खाली ओढतो. बरं वाटल्यावर पुन्हा तपासावं. जुनाट आजार म्हणायला बिघाड ३ महिन्यांहून जास्त टिकावा लागतो.

जुने कागद मात्र टाकू नका. रेषा त्यांवरूनच काढायची असते.