टीडब्ल्यूआयची कार्डं: दिवाळीपासून वर्कशॉपमध्ये वापरतोय, त्याचा अनुभव

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारे), तीन व्हीएमसी (तशाच मिलिंगच्या मशीन), दोन शिफ्ट, माणसं तीसच्या आत, काम सगळं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट बनवून द्यायचं. अशा ठिकाणी ट्रेनिंग म्हणजे काय असतं ते शॉप चालवणाऱ्याला सांगायला नको. नवा पोरगा आला की सेटरच्या (मशीन लावून देणाऱ्याच्या) मागे उभा करायचा आणि म्हणायचं, "बघून घे." कस्टमरचं ऑडिट असलं की आदल्या रात्री स्किल मॅट्रिक्समधले (कुणाला काय येतं त्या तक्त्यातले) गोल काळे करायचे आणि सह्या गोळा करायच्या. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या स्टँडर्डच्या ७.२ कलमाला (माणसांच्या कौशल्याचं) कागद मिळतो, पोरगा होता तिथेच राहतो.

मध्यंतरी एका ट्रेनिंग कंपनीचा दोन दिवसांचा कोर्सही करून झाला. हॉटेल, बुफे, टाळ्या, "माइंडसेट बदला". सोमवारी सगळे त्याच मशीनवर त्याच चुका करत होते.

मग दिवाळीनंतर टीडब्ल्यूआय, म्हणजे 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'मधली काम शिकवण्याची पद्धत घेतली. ही काही नवी गोष्ट नाही. १९४० मध्ये, युद्धाची तयारी चालू असताना अमेरिकेने ती उभी केली, कारण कारखान्यांत अचानक नवखी माणसं भरायची होती. १९४५ ला तिकडे सरकारी काम बंद झालं, पण युद्धानंतर ती जपानला गेली आणि टोयोटात मुरली. पायऱ्या चार: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. फुकट आहे, माहिती नेटवर सगळी मिळते. खरी मेहनत आहे ती कार्ड, म्हणजे एकेका कामाचं शिकवण्याचं टिपण, लिहिण्यात. तीन रकाने असतात: कामाच्या मुख्य पायऱ्या, प्रत्येक पायरीतली मेख आणि तसंच का करायचं ते कारण.

पहिलं कार्ड आम्ही प्लग गेजचं केलं (भोक मापात आहे का ते बघायची दांडी, तिची 'गो' बाजू आत जायला हवी), कारण रिजेक्शन तिथेच जास्त होतं. ॲल्युमिनियमचा जॉब (पार्ट), बोअर (भोक) २० एच७, म्हणजे २०.००० ते २०.०२१ एमएम. आमच्याकडे ओके झालेला पीस कस्टमरकडे गेला की तिथे 'गो' बाजू आत जायची नाही. मामांच्या (आमचे सिनियर सेटर, सगळे त्यांना मामाच म्हणतात) शिफ्टला ही तक्रार कधी यायची नाही. कार्ड लिहायला बसलो तेव्हा मामांना म्हटलं, तुम्ही जसं करता तसं करून दाखवा, मी लिहून घेतो. त्यांनी जॉब काढला, बोअरमध्ये हवा मारली, जॉब सरफेस प्लेटवर ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले. थोड्या वेळाने येऊन गेज लावला, तोही न दाबता. मधे का थांबलात विचारलं तर म्हणाले, "गरम असतो ना साहेब."

एवढंच. इतकी वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. हिशेब सोपा आहे: २० एमएमचं ॲल्युमिनियमचं बोअर १५ अंशांनी गरम असलं तर साधारण ७ मायक्रॉन (०.००७ एमएम) मोठं असतं. टॉलरन्स (मापातली चालणारी सूट) सगळं मिळून २१ मायक्रॉन. म्हणजे एक तृतीयांश टॉलरन्स नुसत्या गरमपणात गेला. दुसऱ्या शिफ्टचा पोरगा मशीनमधून काढल्या काढल्या गेज घालत होता. गेज जायचा, पीस पेटीत, आणि गार झाला की बोअर आकसायचं. हे आता कार्डावर आहे, कारणासकट, आणि त्या जॉबची ती तक्रार थांबली.

तिसऱ्या पायरीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तीच सगळे गाळतात. पोराने एकदा काम नीट केलं की "जमलं, जा" म्हणायचा मोह होतो. या पद्धतीत त्याला पुन्हा करायला लावायचं, आणि करताना त्यानेच बोलायचं: आधी पायऱ्या, मग मेख, मग कारणं. आमची निम्मी पोरं झारखंड-बिहारची, ती हिंदीत बोलतात. कार्डंही आम्ही मराठी-हिंदी दोन्हीत केली. बोलायला लावलं की लगेच कळतं कोण नुसती नक्कल करतोय. मान डोलावणाऱ्या पोरावर माझा आता अजिबात विश्वास नाही.

जिथे चालत नाही तेही सांगतो. सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावणं, कार्डावर मावत नाही. इन्सर्ट (टूलची धार) बदलणं, सॉफ्ट जॉज (जॉब धरणारे जबडे) साफ करणं, डिबरिंग (कडांची बारीक चुरी काढणं), गेजिंग, पॅकिंग यांची कार्डं झकास होतात. पण नवा जॉब लागला, चॅटर (कटिंगची थरथर) येतोय, फीड (टूल सरकण्याची गती) कमी करू की ओव्हरहँग (टूलची बाहेर आलेली लांबी), हे मामांच्या कानाला कळतं. त्याचं कार्ड करून पाहिलं, चार पानं झाली आणि कुणी वाचलं नाही. कार्ड एका पानाच्या पुढे गेलं की समजायचं, हे काम अजून तोडायला हवं किंवा हे कार्डाचं कामच नाही.

दुसरी अडचण माणसांची. मामांनी दुसऱ्याच आठवड्यात तोंडावर विचारलं, "सगळं कार्डावर आलं की मला कशाला ठेवाल?" प्रश्न रास्त होता. त्यावर आम्ही शिकवण्याचा वेगळा भत्ता सुरू केला. अर्धा भत्ता पोरगा तयार झाल्यावर, उरलेला अर्धा तो महिनाभर एकट्याने मशीन चालवून दाखवेल तेव्हा. त्यानंतर मामा स्वतः कार्डांत दुरुस्त्या सुचवायला लागले.

खर्च म्हणाल तर कागद, लॅमिनेशन (करायलाच हवं, कूलंटच्या हातांनी साधा कागद आठवडा टिकत नाही) आणि मशीनचा वेळ. शिकवताना व्हीएमसी उभी राहते, आणि आमच्याकडे तासाला चारपाचशे रुपये धरले तर तेवढं अंगावर घ्यावं लागतं. डिस्पॅचच्या दिवशी शिकवायला घेऊ नका, वैताग होतो.

पोरं सोडून जातात, ते कार्डाने थांबलेलं नाही. हजार रुपये जास्त मिळाले की चाकणला जातात. फरक एवढाच की पुढचा पोरगा लवकर उभा राहतो. आता आम्ही अप्रेंटिस घ्यायला सुरुवात केलीय. ४ ते २९ माणसांच्या शॉपला ते ऐच्छिक आहे, ३० पासून सक्तीचं. एनएपीएसमध्ये (केंद्राची अप्रेंटिस योजना) सरकार स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, थेट पोराच्या खात्यात भरतं. पोर्टलवरची कागदपत्रं डोकं उठवतात, पण एकदाची होतात.

कुणाला करून बघायचं असेल तर महिनाभराचं रिजेक्शन रजिस्टर काढा, ज्या कामाचं नाव सारखं येतंय त्याचंच पहिलं कार्ड करा. लिहायला तुमचा सगळ्यात चांगला माणूस बसवा, आणि लिहून झालं की ते सगळ्यात नव्या पोराच्या हातात द्या. तो जिथे अडेल तिथे कार्ड अजून कच्चं आहे.