मजला चढवायचा, पाडून बांधायचं की नवी जागा घ्यायची? वसईतल्या वाढत्या शाळेसाठी तीन वाटांचा आढावा

बालवर्गाच्या प्रवेशाला पहाटेपासून रांग लागली, की पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या चर्चच्या समितीच्या, पुढच्या बैठकीत ‘नवी इमारत’ हा विषय येतोच. वसई पट्ट्यातल्या अशा बऱ्याच बैठकांना मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून बसलो आहे. गाव बदलतं, वाटा त्याच तीन राहतात: आहे त्या इमारतीवर मजला चढवणं, त्याच आवारात नवी बांधून जुनी पाडणं, किंवा दुसरीकडे जमीन घेणं. भांडण मात्र नेहमी चौरस फुटाच्या भावावरून होतं. माझ्या मते तो प्रश्न सगळ्यात शेवटचा.

आधी तुकड्यांचं गणित करा. पहिली ते दहावी दोन-दोन तुकड्या आहेत आणि तिसरी सुरू करायची आहे, असं धरू. पहिल्या वर्षी एकच जादा खोली लागते, दुसऱ्या वर्षी दोन, आणि दहा खोल्या भरायला दहा वर्षं जातात. शाळा दोन अधिवेशनांत भरत असेल, सकाळी पहिली ते चौथी आणि दुपारी पाचवी ते दहावी, तर दहाही लागत नाहीत. सकाळच्या चार, दुपारच्या सहा. म्हणजे एकूण सहा खोल्यांत भागतं. हे फळ्यावर मांडलं की ‘यंदाच पाच मजली’ म्हणणाऱ्यांचा आवाज जरा उतरतो. त्या दहा वर्षांत रांग टिकेल का, हाही प्रश्न आहेच. पॅरिशमधल्या बाप्तिस्म्यांचं रजिस्टर आणि आसपास उठणारे टॉवर, दोन्ही बघावं लागतं.

आता पहिली वाट. मजला चढवणं सर्वांना आवडतं, कारण जमीन लागत नाही, मैदान वाचतं, मुलं खाली बसूनच राहतात. पण खालच्या इमारतीला कोणी विचारलेलं नसतं. एका शाळेत 1980च्या दशकातल्या इमारतीच्या खांबातून आम्ही काँक्रीटचा गाभा काढला. दंडगोल टेबलावर ठेवून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडलं, काँक्रीटमधला क्षार टिकून आहे का ते दाखवणारं रसायन. निरोगी काँक्रीटवर ते चटकन गुलाबी होतं. इथे बाहेरून आत दीड इंचापर्यंत राखाडी ते राखाडीच राहिलं, आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण होतं जेमतेम एक इंच. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, “औषध जुनं असेल.” बाहेर गवंडी गिलावा करत होता, त्याच्या ताज्या मालावर दोन थेंब टाकले. गडद गुलाबी. सिस्टर काही बोलल्या नाहीत. सळईला गंजापासून वाचवणारं क्षाराचं कवच संपलं होतं, आणि खाऱ्या हवेत पुढचं काम गंज करतो. पोपडे नंतर दिसतात.

गाभा चांगला निघाला तरी वजनाचा हिशेब उरतो. राहत्या घराच्या खोलीला चौरस मीटरमागे साधारण 200 किलो वापराचा भार धरतात. वर्गाला 300, व्हरांड्याला 400. भूकंपाचं बळ शाळेसाठी साध्या इमारतीच्या दीडपट धरावं लागतं. जुने नकाशे बहुतेक ठिकाणी सापडत नाहीत, मग पायाशी खड्डा घेऊन फुटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद पाया, मोजावं लागतं. जिनाही तपासा. जुने जिने चार फुटांचे असतात, आजची बांधकाम संहिता दीड मीटर मागते. वर सहा वर्ग बसवले की सुटीच्या घंटेला तीनशे मुलं त्याच चार फुटांतून उतरणार. म्हणजे दुसरा जिना आला, आणि ‘स्वस्त’ मजल्याचा हिशेब बदलला. लोखंडी सांगाड्याचा पत्र्याचा हलका मजला हा मधला मार्ग सुचवला जातो. जुलैत त्या पत्र्याखाली एक तास बसून बघा. बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही.

तिसरी वाट आधी घेतो, कारण ती लवकर संपते. वसईत स्वस्त मिळणारी जमीन बहुधा सखल भागात, मिठागरांच्या बाजूची. तिथे भराव आला, मऊ चिखलात पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, आले, आणि भराव टाकला की शेजारच्या वाडीत पाणी तुंबणं आलं. जुलै 2018मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, ते कोणी विसरलेलं नाही. हरित वसईसाठी ज्या समाजाने आंदोलनं केली, त्याच्याच शाळेने खाजणात मुरूम ओतावा हे मला तरी पटत नाही. शिवाय विकास आराखड्यातला झोन, किनारपट्टी नियमनाची रेषा, शेतजमीन असेल तर ती घेण्याची परवानगी. कागदांतच दोन-तीन वर्षं जातात. ही वाट घ्यावी ती एकाच परिस्थितीत: जमीन धर्मप्रांताच्या नावावर आधीच आहे, उंचावर आहे आणि रस्त्याला लागून आहे. मग मात्र माध्यमिक विभाग तिकडे हलवणं उत्तम.

उरली दुसरी वाट, टप्प्याटप्प्याने त्याच आवारात. माझा कल हिच्याकडे आहे. आवाराच्या एका कडेला आधी नवा भाग उभा करायचा, मुलं तिकडे न्यायची, मग जुना पाडून तिथे दुसरा भाग. मैदान दोन-तीन वर्षं अर्धं जातं, धूळ आणि ड्रिलचा आवाज सोसावा लागतो, आणि चर्चच्या सणाला मंडप कुठे घालायचा यावरून वेगळी बैठक होते. पण खोल्या तुकड्यांच्या चालीने वाढतात. पहिल्या टप्प्याचा पाया पुढच्या मजल्यांसकट डिझाइन करून घ्या. सळया नुसत्या वर काढून ठेवू नका, त्या पावसात सडतात.

‘पाडूया आधी, मुलं दोन वर्षं शेडमध्ये बसतील’ असं कोणी म्हणालं, तर तमिळनाडूतल्या कुंभकोणमची आठवण करून द्या. 16 जुलै 2004 रोजी तिथल्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि 94 मुलं गेली. त्याच प्रकरणावरून 2009मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षिततेचे आदेश दिले. अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, असं 2014च्या प्रमती निकालाने ठरलं. 2025मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्यावर शंका घेतली. कायद्याचं पुढे काहीही होवो, रॅम्प, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि मैदान नकाशात आत्ताच धरा. आगीच्या बाबतीत तर सूट कुणालाच नाही: राज्याच्या 2006च्या कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो.

पैशाच्या बाजूनेही टप्पे बरे पडतात. न्यासाला मोठं कर्ज काढणं सोपं नसतं, त्यामुळे एकरकमी मोठी उडी देणग्यांवरच मारावी लागते. वसईतल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी आखातात किंवा कॅनडात असतं. इथे एक गफलत नेहमी होते. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माजी विद्यार्थी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ती विदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या भावाची मात्र धरतात. तिला विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं. पावती फाडण्याआधी पासपोर्ट विचारा, त्यात संकोच कसला?

मग मजला कधी चढवावा? इमारत वीसेक वर्षांच्या आतली, नकाशे हाताशी, गाभा गुलाबी, पाया आधीच जादा मजल्यासाठी घातलेला, आणि गरज चार-सहा खोल्यांचीच. एवढं सगळं जुळलं तर खुशाल चढवा, दोन वर्षं वाचतील. यातलं एक जरी कमी पडलं तर तो विचार सोडा.

वर सांगितलेल्या शाळेने शेवटी टप्प्यांची वाट धरली. मागची कौलारू बैठी शाळा पाडायची का, यावर दोन बैठका गेल्या. भिंती जाड दगडी, तपासल्यावर ठणठणीत निघाल्या. आता तिथे ग्रंथालय आहे, आणि पाऊस कौलांवर पडतो तेव्हा आत नीट ऐकू येतं.