काटो ह्या जपानी मॉडेल रेल्वे कंपनीचं एसडी४०-२, एचओ (खऱ्याच्या १/८७) मापातलं डिझेल इंजिनाचं मॉडेल घ्यावं का?

माझं मत, डोळे झाकून घ्या. आधी दुसऱ्या एका कंपनीचं स्वस्तातलं इंजिन घेतलेलं, दिसायला झकास पण मोटर एकाच बोगीला (खालच्या चाकांच्या संचाला) जोडलेली आणि करंट पण मोजक्याच चाकांतून घ्यायचं, त्यामुळे पॉइंटवर (रूळ बदलतात तिथे) आलं की हमखास अडकायचं, दरवेळी बोटाने ढकलायला लागायचं, जाम वैताग यायचा.

काटोच्या ह्या इंजिनाला सहाही अ‍ॅक्सलना ड्राइव्ह आहे, मोटरच्या दोन्ही बाजूंना फ्लायव्हील (चाल एकसारखी ठेवणारं जड चाक), वर चांगलं वजन. कंट्रोलर अगदी हळूहळू फिरवला ना तर चाक फिरतंय की नाही हे वाकून बघावं लागतं, इतकं सावकाश निघतं, आणि खरं सांगू, इंजिनाची क्वालिटी तिथेच कळते, फुल स्पीडला काय, सगळीच पळतात. खरं एसडी४०-२ १९७२ साली आलं, ३००० हॉर्सपॉवरचं, मालगाडीचं इंजिन, त्यामुळे मागे लांबलचक वाघिणी लावल्या की काय शोभून दिसतं!

फक्त एक बघा, सहा अ‍ॅक्सलचं लांब इंजिन आहे, वळण २२ इंच रेडियसपेक्षा कमी ठेवू नका. जागा कमी असेल तर चार अ‍ॅक्सलवालं घ्या सरळ. आणि डीसीसी (डिजिटल कंट्रोल) करायचं असेल तर डीकोडर (डिजिटल सिग्नल वाचणारी चिप) आत आहे का नुसती तो बसवायची सोय आहे ते विचारूनच घ्या. हँडरेल नाजूक असतात, बॉक्समधून काढताना खालून फ्युएल टँकला धरून उचला.