मणक्याला मार, पाय गेले: केस कुठे टाकायची?

आमचे दाजी चाकणच्या एका ठेकेदाराकडे टेम्पो चालवायचे. वय 35, पगार बावीस हजार. पुणे-नाशिक रस्त्यावर मागून ट्रकने ठोकलं, मणक्याला मार बसला आणि बेंबीखालची संवेदना गेली. दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात तीन जणांनी तीन सल्ले दिले. ठेकेदार म्हणाला, कामगार न्यायालयात जा, तिथे लवकर सुटतं. वकील म्हणाले, शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघाताची केस टाका. ओळखीतला एक एजंट म्हणाला, कशाला तारखा करता, लोकअदालतीत मिटवून टाका. तिघांचंही आपापल्या जागी खरं होतं. पण या तीन वाटांनी हातात पडणाऱ्या रकमेत फरक इतका आहे की ताईने वहीची दोन पानं समोरासमोर ठेवून हिशेब मांडला. तोच इथे देतोय.

आधी एक गोष्ट नक्की करा: चूक कोणाची? मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मोठी भरपाई मिळते, पण समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाड्यांना कुठे मार बसलाय त्याचे फोटो, सगळं त्यासाठीच. तुमचीही थोडी चूक निघाली तर तेवढे टक्के कापले जातात. कलम 164 मध्ये चूक कोणाची ते विचारतच नाहीत, पण गंभीर दुखापतीला रक्कम ठरलेली: अडीच लाख. पाय गेलेल्या माणसाचं अडीच लाखात काय होतं ते पुढे येईलच. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनचे 50 हजार. स्वतःचीच दुचाकी घसरली असेल तर आधी पॉलिसी काढून बघा. मालक-चालकासाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो आणि बऱ्याच घरांत तो आहे हेच माहीत नसतं.

आता वहीचं पहिलं पान: कामावर असताना अपघात झाला असेल तर कामगार न्यायालय. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 चा; 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता 2020 आली. इथेही चूक कोणाची हा प्रश्न जवळपास नाहीच, कामावर होता एवढं पुरे. सूत्र सरळ आहे: पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक. मेख अशी की पगार कितीही असो, 2020 पासून हिशेबाला जास्तीत जास्त 15 हजारच धरतात. दाजींचे 60 टक्के म्हणजे 9,000. पस्तिसाव्या वर्षाचा गुणांक 197.06. गुणाकार 17,73,540 रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो आणि मालकाने वेळेत पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज चढतं. अर्जाला मुदत दोन वर्षं.

दुसऱ्या पानावर मोटार अपघात न्यायाधिकरण, म्हणजे वकिलांनी सांगितलेली वाट. पगार पूर्ण धरतात: वर्षाचे 2,64,000. चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के जोडतात, झाले 3,69,600. वय 31 ते 35 ला गुणक 16. म्हणजे 59,13,600. आणि हे फक्त बुडालेल्या कमाईचे. माणूस हयात आहे म्हणून मृत्यूच्या केससारखी त्याच्या स्वतःच्या खर्चाची वजावट इथे होत नाही.

एकाच अपघाताला सतरा लाख आणि एकोणसाठ लाख! आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 167 सांगतं की दोन्हीकडून घेता येणार नाही, एकच निवडा. ठेकेदाराच्या सल्ल्यातली मेख मला त्या दिवशी कळली. कामगार न्यायालयात निकाल लागला की दुसरं दार बंद.

तरीही कामगार न्यायालय वाईट असं नाही. दाजींचीच डुलकी लागून टेम्पो डिव्हायडरवर गेला असता तर 166 खाली काही हाती लागलं नसतं, तेव्हा हे सतरा लाख मोठाच आधार होते. पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर मात्र गणित पुन्हा बदलतं. मालकाविरुद्ध या कायद्याखाली जाता येत नाही, महामंडळाकडून दरमहा पेन्शनसारखा लाभ मिळतो. कार्ड नीट तपासा.

आता ती गोष्ट, जी कोणत्याच सल्लागाराने आम्हाला आपणहून सांगितली नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. एकदा आम्ही सगळे दमून झोपलो आणि सकाळी माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग दिसला; ती जखम भरायला चार महिने गेले. कॅथेटर, एअर बेड, डायपर, फिजिओथेरपी हे आहेच, पण खरा खर्च माणसाचा. ब्युरोतून येणारा मामा, म्हणजे पगारी मदतनीस, नाही तर घरच्या कोणाची तरी सुटलेली नोकरी. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मधल्या एका निकालात पूर्ण अपंगत्व आलेल्या मुलीसाठी दोन मदतनीसांचा खर्च धरला, दरमहा 5,000 प्रत्येकी, आणि त्यालाही 18 चा गुणक लावला: 21,60,000. आमच्या वहीत मामाचे महिना 10,000 धरले तरी सोळा वर्षांचे 19,20,000 होतात. कामगार न्यायालयाच्या सूत्रात या मदतनिसाला जागाच नाही. म्हणून मामाला रोख देत असाल तरी दर महिन्याला त्याची सही असलेली पावती घ्या. ताई ती बिस्किटाच्या डब्यात ठेवते.

राहिली लोकअदालत. ती वेगळी केस नव्हे, न्यायाधिकरणात दाखल दाव्याचीच तडजोड. पैसे लवकर येतात, तारखा संपतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. पुढे किडनीला संसर्ग झाला, पुन्हा शस्त्रक्रिया लागली, तरी प्रकरण उघडत नाही. मोडलेल्या पायाला तडजोड मी डोळे झाकून सुचवेन. मणक्याला नाही, निदान पहिल्या आकड्यावर तर नाहीच.

तडजोडीच्या टेबलावर सगळं अडतं ते टक्क्यांवर. समजा ससून रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर 75 टक्के अपंगत्व लिहून आलं. विमा कंपनीचा माणूस तोच आकडा कमाईला लावतो आणि 59 लाखांतले 14,78,400 तिथल्या तिथे जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केलंय की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईची क्षमता किती गेली हे वेगळं. पायच हलत नाहीत तो ड्रायव्हर म्हणून शंभर टक्के गेला. हे सिद्ध करायला उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते. दाखला जोडला म्हणजे काम झालं असं समजू नका. मेडिक्लेम मिळालाय म्हणून बिलं वजा करू म्हणाले, तर 2025 चा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निकाल वकिलांना काढायला सांगा: मेडिक्लेमची रक्कम वजा होत नाही.

न्यायाधिकरणाची उणी बाजू उघड आहे. वर्षं जातात. निकालानंतर अपील होऊ शकतं. रकमेचा मोठा भाग बहुधा बँकेत मुदत ठेवीत अडकवतात आणि तेवढ्या काळात घर चालवायचं कसं याचं उत्तर कोर्ट देत नाही. आमच्याकडे ताईचे दागिने होते. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी कमी रकमेची तडजोड केली तर त्यांना नावं ठेवायला माझं तोंड नाही.

अर्ज मात्र अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करा. 1 एप्रिल 2022 पासूनची ही मुदत कोर्टात वादात सापडली असली तरी त्या भरवशावर राहू नका. अपघात सोलापूरकडे झाला असला तरी राहता पुण्यात म्हणून केस पुण्यात चालते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. निकालातून टक्के मागणाऱ्याला तर नकोच म्हणा, वकिलाने तशी फी ठरवणं नियमातच बसत नाही.

आम्ही पाचव्या महिन्यात शिवाजीनगरला अर्ज टाकला. लोकअदालतीची नोटीस दोनदा आली, दोन्ही वेळा गेलो. पहिल्यांदा 28 लाख म्हणाले, दुसऱ्यांदा 41. मदतनिसाचा रकाना दोन्ही वेळा कोरा होता. ताईने पावत्यांचा डबा टेबलावर ठेवला, त्यांनी उघडून बघितला आणि पुढची तारीख दिली.