पॉलिश काँक्रीटसाठी डायमंड पॅड: सांगलीच्या गोडाऊनमध्ये कितपत उपयोगी?

पॉलिश केलेल्या काँक्रीटची चमक वरून लावलेली नसते. हिऱ्याच्या दाण्यांनी घासून काँक्रीटच गुळगुळीत केलेलं असतं आणि त्यात मुरवलेलं सिलिकेटचं डेन्सिफायर सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून ते कडक करतं. त्यामुळे चमक गेली की मेण लावून परत येत नाही, घासावंच लागतं. सिंगल डिस्क मशीनखाली (एकाच गोल चकतीनं जमीन घासणारं यंत्र) लावायचे, ट्विस्टरसारख्या बनावटीचे, हिऱ्याचे दाणे बसवलेले डायमंड पॅड याच कामाचे. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतली गोडाऊनं आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या वखारींसाठी आमचं मत: जरूर घ्या, पण डाग काढायला नव्हे.

ट्विस्टरमध्ये लाल पॅड ४००चा, पांढरा ८००चा, पिवळा १५००चा आणि हिरवा ३०००चा. हा दाण्याचा आकडा: जितका मोठा, तितका दाणा बारीक. दुसऱ्या बनावटीत रंग बदलू शकतात, तेव्हा दुकानात रंग न सांगता दाण्याचा आकडा सांगा. रोजच्या सफाईला फक्त ३०००चा पॅड आणि साधं पाणी. हाच या पॅडचा सर्वांत मोठा फायदा.

हातगाड्यांच्या वाटेवर कोबा निस्तेज झाला असेल तर ८००, १५००, ३००० असं क्रमानं जा. ओरखडे नखाला लागत असतील तर सुरुवात ४००नं करा. मधला पॅड गाळू नका. ४००चे ओरखडे ३०००चा पॅड काढत नाही, उलट आजूबाजूला चमक आल्यानं ते जास्तच उठून दिसतात. प्रत्येक पॅडनं आधी उभं, मग आडवं फिरवा. जाड दाण्यानं गार्डचा, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून वरून दिलेला संरक्षक थरही निघतो, म्हणून शेवटी जमीन पूर्ण वाळली की त्या वाटेवर गार्ड पुन्हा लावायचा.

बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. एक, आधी कोरडा मायक्रोफायबर मॉप फिरवलेला नसतो. ट्रकच्या चाकांबरोबर आलेली वाळू पॅडखाली सापडली की गोल गोल चरे पडतात. पुराचं पाणी शिरलेल्या गोडाऊनमध्ये तर गाळ आधी पाण्यानं वाहवून काढा, वाळल्यावर खरवडू नका. दोन, घासताना निघालेली राखाडी चिकटी लगेच व्हॅक्यूमनं ओढलेली नसते. ती वाळली की पांढरा थर बसतो आणि दोष पॅडला मिळतो. बोअरचं जड पाणीही असाच पांढुरका माग ठेवतं, शेवटचा हात नळाच्या पाण्यानं द्यावा.

आता हळद. इथे पॅड हरतो. सांडलेल्या पुडीवर पाणी पडलं की ती काँक्रीटच्या छिद्रांत शिरते, म्हणून आधी सगळी कोरडीच उचला. डागावर साबण किंवा धुण्याचा सोडा टाकला की तो लाल होतो, कारण हळदीतलं कुरकुमिन अल्कलीत लाल पडतं. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाल्कम पावडर कालवून थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट करा, डागावर थापा, प्लास्टिकनं झाका आणि रात्रभर ठेवून सकाळी उचला. राहिलेली पिवळी छटा दाराजवळ असेल तर उन्हानंच फिकी पडते. हे करताना दारं उघडी ठेवा, विडी-सिगारेट आणि वेल्डिंग पूर्ण बंद. अल्कोहोलची वाफ पेटते.

चिंच, लिंबू, टॉयलेट क्लीनर यांचे डाग खरं तर डाग नसतातच. आम्लानं सिमेंट खाल्लेलं असतं. तेवढ्याच जागेला ४००पासून वर यावं लागतं, आणि खोल खाल्लं असेल तर जड ग्राइंडरवाला बोलवावा लागतो. अ‍ॅसिड टाकून कोबा 'पांढरा' करून देणाऱ्या सफाईवाल्याला दारातूनच परत पाठवा. बेदाण्याचा चिकटा मात्र सोपा: कोमट पाणी, न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) क्लीनर, दहा मिनिटं भिजू द्या, मग ३०००चा पॅड.

वापरल्यावर पॅड दोन्ही बाजूंनी धुवून टांगून वाळवा. मशीनच्या वजनाखाली ठेवला तर एका बाजूनं दबतो आणि पुढे थरथरतो.

ज्यांच्याकडे एपॉक्सी मारलेली जमीन आहे त्यांनी जाड दाण्याचे पॅड घेऊ नयेत, थरच खरवडला जाईल. साधा ट्रिमिक्स कोबा (ताज्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी पंपानं ओढून घट्ट केलेला) पांढरी धूळ सोडत असेल तर त्यांनीही थांबावं. तिथे आधी ग्राइंडिंग आणि डेन्सिफायर, पॅड त्यानंतर.