आयरिस मर्डॉक : आधी ‘द बेल’ की ‘द सी, द सी’?

आयरिस मर्डॉक ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकवत असतानाच कादंबरीलेखनाकडे वळल्या. त्यांचा नीतिविचार कथेतून समजून घ्यायचा असेल, तर ‘द बेल’ (१९५८) आणि बुकर पारितोषिक मिळालेली ‘द सी, द सी’ (१९७८) यांपैकी आधी कोणती वाचावी, हा प्रश्न पडतोच.

दोन्हींच्या मुळाशी एकच धारणा आहे : माणूस स्वतःच रचलेल्या कल्पनांत गुरफटलेला असतो, आणि समोरच्याला तो जसा आहे तसा पाहणे हे नैतिकतेचे खरे काम होय. ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ (१९७०) या निबंधसंग्रहात त्यासाठी सासू-सुनेचे उदाहरण येते. सासूचे वागणे पहिल्यापासून निर्दोष असते. बदलते ती केवळ सुनेकडे पाहण्याची तिची दृष्टी, आणि मर्डॉक या बदलालाच नैतिक कृती मानतात.

‘द सी, द सी’मध्ये हाच विचार उलट बाजूने येतो. निवृत्त नाट्यदिग्दर्शक चार्ल्स ॲरोबी याला समुद्रकाठच्या गावात पूर्वीची प्रेयसी हार्टली भेटते. ती आता प्रौढ आणि विवाहित आहे, परत जाऊ द्या म्हणून विनवते आहे, तरीही आपण तिची सुटकाच करत आहोत अशा समजुतीने तो तिला घरात कोंडून ठेवतो. निवेदन सर्वस्वी चार्ल्सचे असल्यामुळे त्याची आत्मवंचना ओळखण्याची जबाबदारी वाचकावर पडते. कादंबरी थोर आहे. पण लांबलचक आहे, आणि ही जबाबदारी लक्षात आली नाही तर चार्ल्सचा केवळ कंटाळा येण्याचा धोका आहे.

‘द बेल’मध्ये मठाशेजारी राहणाऱ्या एका धार्मिक समूहाची कथा आहे. तिथे जेम्स आणि मायकल प्रवचने देतात. स्वतःची कोणतीही प्रतिमा मनात न बाळगता नियम पाळावेत, असे जेम्स सांगतो, तर आपली कुवत ओळखून वागावे, असे मायकल. लेखिका निवाडा देत नाही. पुढच्या घटनांत मायकलचे आत्मज्ञान नेमके कुठे तोकडे पडते, ते मात्र दाखवते. मला त्याहून मोलाची वाटते ती या समूहात राहायला आलेली डोरा. आगगाडीत वृद्ध बाईला जागा द्यावी की नाही यावर ती मनातल्या मनात बराच खल करते, द्यायची नाही असे ठरवते, आणि लगेच उठून जागा देते. पुढे लंडनच्या नॅशनल गॅलरीत चित्रकार गेन्सबरोने रंगवलेल्या त्याच्या दोन मुलींच्या चित्रासमोर उभी असताना, आपल्या मनाबाहेरही काही खरे आणि परिपूर्ण आहे, हे तिला उमगते. निबंधांतला युक्तिवाद इथे प्रसंगातच मुरलेला आहे.

म्हणून पहिल्यांदाच वाचणाऱ्याने ‘द बेल’ घ्यावी. ज्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही अशा निवेदकाची सवय असलेल्याने थेट ‘द सी, द सी’ घेण्यास हरकत नाही. निबंध मात्र दोन्ही वेळी नंतरच वाचावेत. आधी वाचले, तर पात्रे सिद्धान्ताची उदाहरणे वाटू लागतात, आणि हार्टलीकडे तसे पाहणे म्हणजे चार्ल्सचीच चूक करणे होईल.