पिल्लाच्या प्रोबायोटिकच्या नावाखाली १८,१४९ रुपये लुबाडले, नाशिककरांनो सावध राहा

१८,१४९ रुपये गेले. सगळे यूपीआयने, आणि हातात काय आलं तर प्रोबायोटिक (पोटाला चांगले असे जिवंत जीवाणू) म्हणून पावडरच्या दोन पांढऱ्या बरण्या. नाशिकमध्ये ज्यांनी नुकतंच पिल्लू आणलंय त्यांनी हे वाचाच, कारण ती पावडर विकणाऱ्या बाईने फक्त नंबर बदललाय, धंदा चालूच आहे.

आमची टिकली, लॅब्राडोर, दोन महिन्यांची असताना आणली आणि आल्या आल्या पातळ शी सुरू झाली. ज्याच्याकडून घेतली त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, जागा बदलली की होतंच, प्रोबायोटिक द्या," आणि एका 'पेट न्यूट्रिशन कन्सल्टंट' मॅडमचा नंबर पाठवला. आता म्हणाल सरळ डॉक्टरकडे का नाही नेलं. अहो, लसी पूर्ण झाल्या नव्हत्या, क्लिनिकमध्ये पार्वो या जीवघेण्या विषाणूची लागण झालेली पिल्लं येतात, अर्धवट लसीकरण झालेलं पिल्लू बाहेर फिरवू नका असं सगळेच सांगतात, मी तेच पाळत होते. आणि प्रोबायोटिक म्हणजे काही भोंदूगिरी नाही, जुलाब झाले की प्राण्यांचे डॉक्टरसुद्धा देतात. मग संशय घ्यायचा तरी कशावर?

आधी ३,४९९ ची 'इम्पोर्टेड' बरणी. गरम दुधातून द्या म्हणाली. जुलाब वाढले तर म्हणे "आतली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे". मग २,८०० रुपयांची 'गट टेस्ट', म्हणजे आतड्याची तपासणी, एक पोरगा येऊन शीचा नमुना डबीत घेऊन गेला आणि संध्याकाळी रिपोर्ट हजर. त्या रिपोर्टवर लिहिलं होतं 'मेल'. आमची टिकली मादी आहे! मी लगेच मेसेज केला, उत्तर आलं "टायपिंग मिस्टेक, मॅम", आणि पाच मिनिटांत नवीन पीडीएफ, त्यात सगळे आकडे तेच, 'मेल'चं फक्त 'फिमेल' झालेलं. तिथेच कळायला हवं होतं. तो रिपोर्ट अजून मोबाईलमध्ये आहे, उघडला की डोकं फिरतं, कारण मी विचारलं होतं, चूक माझ्याच नजरेला आली होती, पण पिल्लू कोपऱ्यात मलूल पडलेलं असताना माणूस पीडीएफ तपासत बसतो का? मी ७,६०० भरले, तीन महिन्यांच्या कोर्सचे. त्यातली एकच बरणी आली, बाकी म्हणे मुंबईला कस्टममध्ये अडकलंय, ४,२५० 'रिफंडेबल' डिपॉझिट भरा. तेही भरले. त्यानंतर ब्लॉक.

शेवटी टिकलीला टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवरून खाली न ठेवता डॉक्टरकडे नेलं (हे आधी कुणी सांगितलं असतं तर!). त्यांनी शी मायक्रोस्कोपखाली बघितली, गोल जंतांची अंडी. आईच्या पोटातूनच आणि दुधातून हे जंत पिल्लाला येतात, म्हणून २ आठवड्यांपासून दर २ आठवड्यांनी जंताचं औषध द्यायचं असतं, विकणाऱ्याने "दिलंय" म्हणून थाप मारली होती. तपासणी आणि औषध मिळून ४१० रुपये. चारशे दहा!

बरणी बघून डॉक्टर म्हणाले यावर जीवाणूचं नाव कुठे आहे? खऱ्या प्रोबायोटिकवर कोणता जीवाणू, उदाहरणार्थ एन्टेरोकोकस फेसियम, त्याचा स्ट्रेन (नेमका उपप्रकार), सीएफयू म्हणजे जिवंत जीवाणू किती, एक्स्पायरी, बनवणाऱ्याचा पत्ता असं सगळं छापलेलं असतं. इथे नुसतं 'अब्जावधी गुड बॅक्टेरिया'. लॅक्टोबॅसिलससारखे जिवंत जीवाणू गरम दुधात मरतात, म्हणजे गरम दुधातून द्या सांगणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही हे धरून चाला. आणि गाई-म्हशीचं दूध पिल्लांना नीट पचत नाही, त्यानेच जुलाब वाढतात.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "ओटीपी दिला होता का?" नाही. "मग पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" हो, पण फसवून घेतले ना! रक्कम लहान आहे, अर्ज देऊन जा. कुत्र्याची पावडर म्हटल्यावर टेबलापलीकडचे दोघं हसले, मला ते अजून टोचतंय. बँक म्हणते पिन तुम्ही टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. एका सरकारी ऑफिसात बरणी घेऊन गेले तर हे औषध नाही, सप्लिमेंट आहे, तेही जनावराचं, आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं? तर पशुवाल्यांना विचारा. तिथे म्हणे ऑनलाइन खरेदी आहे, ग्राहकवाल्यांकडे जा. ग्राहक तक्रारीला समोरच्याचा पत्ता लागतो आणि बिलावरच्या कॉलेज रोडच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. पगार घेऊन बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं आणि आपण कागद घेऊन शरणपूर रोड ते सीबीएस उन्हात फिरायचं!

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात, पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात ते लवकर कळवलं तरच, मला हा नंबर उशिरा कळला. पिल्लू विकणाऱ्याने दिलेल्या नंबरवरून काहीही घेऊ नका, त्याचं कमिशन असतं. आणि उलट्या, शीत रक्त, खाणंपिणं बंद, यातलं काहीही दिसलं तर पावडर-बिवडर बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर, पार्वो असेल तर पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जाऊ शकतं.

टिकली आता बरी आहे. ज्यांच्याकडे बिना स्ट्रेनच्या लेबलची अशी पांढरी बरणी आहे त्यांनी ती फेकू नका, बिल आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, चार-पाच जण मिळाले की एकत्र लेखी तक्रार देऊ आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.